दोन घरचा पाहुणा

'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या सीमाभागात तर ती जरा जास्तच ऐकू येते. पहिल्या घरी वाटते, हा दुसरीकडे जेवला असेल. दुसऱ्या घरी वाटते, पहिल्या घरून जेवून आला असेल. आणि पाहुणा बिचारा तांब्याभर पाणी पिऊन झोपतो. दोन भाषा, दोन रीती आणि दोन सरकारे यांच्यामध्ये राहणाऱ्या माणसाचे असेच होणार, असे आपण धरून चालतो. गेली काही वर्षे मी मात्र अशा एका पाहुण्याचा विचार करतो आहे, जो दोन्ही घरी पोटभर जेवला. त्या जेवणाचा हिशेब पुढे कोणी चुकता केला, हाच या लेखाचा विषय आहे.

त्याचे नाव जॉन डन. जन्म १८३४ च्या सुमाराचा, मृत्यू १८९५ चा. मुलूख दक्षिण आफ्रिकेचा पूर्व किनारा. इतिहास हा माझा एम. ए.चा विषय; पण आमच्या अभ्यासक्रमात दक्षिण आफ्रिका यायची ती बोअर युद्धापुरती आणि गांधीजींच्या सत्याग्रहापुरती. दहावीच्या वर्गात साम्राज्यवाद शिकवताना झुलू युद्धाविषयी चार वाक्ये धड सांगता यावीत म्हणून वाचायला बसलो, आणि त्या वाचनात हा गृहस्थ भेटला तो अजून सुटलेला नाही.

प्रदेशाचे नाव नाताळ. वर्गात हे नाव घेतले की मुले हसतात. पण ते हसू योग्य जागीच पडते. वास्को द गामा १४९७ च्या डिसेंबरात, ख्रिस्तजन्माच्या सणाच्या दिवसांत, या किनाऱ्यावरून पुढे गेला म्हणून त्याने किनाऱ्याला ते नाव दिले. पुढच्या वर्षी तो कालिकतला पोचला, आणि पोर्तुगिजांबरोबर आलेला तोच शब्द आपल्या मराठीत सणाचे नाव होऊन बसला. १८४३ मध्ये इंग्रजांनी नाताळ आपल्या राज्याला जोडले. त्याच्या उत्तरेला तुगेला नदी. नदीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे शाकाने उभारलेले झुलू राज्य. डन मोठा होत होता तेव्हा त्या गादीवर शाकाचा सावत्र भाऊ मपांडे होता. सरहद्द म्हणजे ही नदी, आणि डनचे सारे आयुष्य तिच्या दोन काठांवर गेले.

या मुलाने झुलूंचा द्वेष केला असता तर कुणाला नवल वाटले नसते. त्याचे आजोबा आणि दोन मामा १८३८ च्या लढायांत झुलूंच्या हातून मारले गेले होते. बाप १८४७ मध्ये हत्तीच्या पायाखाली सापडून गेला. थोड्याच वर्षांत आईही गेली. पोरगा एका गाडीवानाकडे कामाला राहिला, लांबचा प्रवास करून परत आला; तेव्हा मालकाने हिशेब द्यायचे नाकारले. कारण काय, तर कायद्याने तो अज्ञान होता, त्याच्याशी केलेला करार बंधनकारक नाही! 'अज्ञान' हा आपल्या कोर्टातला शब्द इथे किती चपखल बसतो पाहा. हत्तींच्या मुलखात राबायला तो सज्ञान, आणि मजुरी मागताना मात्र अज्ञान. गोऱ्यांच्या कायद्याने गोऱ्या पोराला असा निरोप दिला, आणि तो बंदूक घेऊन नदीपलीकडे गेला. शिकार करून पोट भरू लागला. भाषा तर लहानपणापासून ओठांवर होतीच. बरोबर होती कॅथरीन पिअर्स, बापाच्या जुन्या गोऱ्या सहकाऱ्याची आणि केपमधल्या मलायी बाईची मुलगी. ती त्याची पहिली बायको.

तुगेलेच्या खालच्या अंगाला कॅप्टन वॉल्म्सली नावाचा सरहद्दीवरचा सरकारी अधिकारी होता. त्याने या रानटी झालेल्या तरुणाला उचलले, लिहिण्यावाचण्याची घडी बसवली आणि दुभाषी म्हणून जवळ ठेवले. इथून डनच्या दोन घरांचा संसार सुरू झाला.

१८५६ मध्ये मपांडेच्या दोन मुलांत, केचवायो आणि म्बुयाझी यांच्यात, वारसाहक्काची लढाई पेटली. म्बुयाझी आपली माणसे, बायकामुले, गुरेढोरे घेऊन तुगेलेच्या काठी आला आणि त्याने इंग्रजांकडे मदत मागितली. सरकारने हात वर केले. डन मात्र सरहद्दीवरचे काही शिपाई आणि शिकारी घेऊन पलीकडे गेला. म्हणायला समेटासाठी, प्रत्यक्षात तो म्बुयाझीच्या बाजूने लढला. २ डिसेंबर १८५६ रोजी न्दोंदाकुसुका इथे जे झाले त्याला लढाई म्हणण्यापेक्षा कत्तल म्हणावे. केचवायोचे सैन्य कितीतरी मोठे होते. म्बुयाझी मारला गेला. मागे भरलेली नदी, पुढे भाले. हजारो माणसे, त्यांत बायका आणि पोरे, काठावर आणि पाण्यात संपली. डन पोहत कसाबसा वाचला.

आता पुढची गोष्ट ऐका. त्या धामधुमीत नदीकाठच्या गोऱ्या व्यापाऱ्यांची गुरे केचवायोच्या माणसांनी नेली होती. ती सोडवून आणायला कोण जाणार? महिन्यापूर्वी ज्याच्याविरुद्ध बंदूक चालवली त्याच केचवायोसमोर डन जाऊन उभा राहिला, आणि गुरे घेऊन परत आला. व्यापाऱ्यांनी त्याला २५० पौंडांचे बक्षीस दिले. केचवायोने त्याहून मोठे बक्षीस दिले. त्याने डनला आपल्या मुलखात येऊन राहा म्हणून बोलावले, जमीन दिली, गुरे दिली, आणि आपला सल्लागार केले. राजपुत्र दूरदृष्टीचा होता. नदीपलीकडून येणारी माणसे पुढे वाढतच जाणार हे त्याला कळत होते. त्यांची भाषा, त्यांचे कागद आणि त्यांच्या मनातले हेतू वाचून सांगणारा माणूस त्याला हवा होता.

झुलू लोक डनला 'जांटोनी' म्हणत. झुलू रीतीने गुरांचे देज मोजून त्याने झुलू बायका केल्या; एक नव्हे, दोन नव्हे, अठ्ठेचाळीस. कॅथरीनला हे रुचले नाही, पण ती त्याला सोडून गेली नाही. मुलांची संख्या शंभराच्या पुढे होती; ११७ हा आकडा नेहमी सांगितला जातो. घरात मात्र जांटोनी विलायती सरदारासारखा राही. कपडे इंग्रजी, टेबल इंग्रजी, घोडे आणि बंदुका उत्तम. नाताळातल्या गोऱ्या बायका त्याचे नाव निघाले की नाक मुरडीत, आणि त्यांचेच नवरे व्यापाराची वाट मोकळी व्हावी म्हणून त्याच्या ओसरीवर बसून राहत.

*

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या शाळेत पालक येतात ते केवळ मुलांच्या तक्रारी घेऊन येत नाहीत. कुणाच्या हातात तहसील कचेरीची कन्नडमधली नोटीस असते, कुणाकडे बँकेचा कागद, कुणाकडे शेताच्या उताऱ्यावरची कसलीशी नोंद. "सर, एवढे वाचून दाखवा." मी चष्मा लावून वाचू लागतो. समोरचा माणूस कागदाकडे पाहत नाही, माझ्या तोंडाकडे पाहतो. कागद त्याच्या जमिनीचा; पण त्या पाच मिनिटांत त्या जमिनीचे जे काही व्हायचे ते माझ्या जिभेवर असते. कुणीही न दिलेली ही सत्ता आहे. तिची भीती वाटावी इतकी ती मोठी आहे.

दुसरी बाजूही आहे. मराठीच्या एखाद्या कार्यक्रमात कुणी म्हणते, "सर, तुमचे कन्नड फारच स्वच्छ हो!" त्यात कौतुक किती आणि खोच किती हे ओळखायला सीमाभागात जन्मावे लागते. कचेरीत गेलो की साहेब हसून म्हणतात, "मराठी शाळेचे असून इतके छान कन्नड बोलता?" त्या 'असून'मध्येही बरेच काही असते. आपल्यापैकी ज्या ज्या घरांत दोन भाषा नांदतात, त्या प्रत्येक घराला हा अनुभव असणार. जॉन डनचे चरित्र मी वाचतो ते या कानांनी. दोन भाषा येणे हाच गुन्हा आहे का, की त्या भाषांचे पुढे आपण काय करतो तिथे गुन्हा सुरू होतो, हे मला त्याच्याकडून जाणून घ्यायचे असते.

*

मपांडे १८७२ मध्ये वारला. १ सप्टेंबर १८७३ रोजी इंग्रजांच्या वतीने थिओफिलस शेपस्टनने केचवायोला राज्याभिषेक केला. राजाला लिहितावाचता येत नव्हते. नाताळातून येणारी पत्रे डन वाचून दाखवी. राजाची उत्तरे डन लिही. राजाला बंदुका हव्या होत्या; पोर्तुगिजांच्या डेलागोआ बंदरातून त्या आणवण्याच्या व्यवहारात डन मुख्य होता. हजारो बंदुका आल्या, बहुतेक जुनाट. राजाकडून गुरे मिळाली. आणि त्याच सुमारास, १८७४ पासून, नाताळ सरकारनेही डनला वर्षाला ३०० पौंडांवर नेमून घेतले. काम असे, की उत्तरेकडचे त्सोंगा मजूर झुलू मुलखातून नाताळच्या मळ्यांवर सुखरूप पोचवायचे. हेच ते उसाचे मळे, ज्यांच्यासाठी १८६० पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले जात होते. उसाला माणसे हवी होती. ती मद्रासची की त्सोंगा, याच्याशी मळेवाल्याला कर्तव्य नव्हते.

तेव्हा चित्र असे : राजाचा कान आणि लेखणी डन, राजाचा शस्त्रव्यापारी डन, आणि राजाच्या शेजारच्या सरकारचा पगारी माणूसही डन. दोन्ही घरी पान वाढलेले. यात लपवाछपवी फारशी नव्हती. दोन्ही घरांना हे ठाऊक होते आणि दोन्ही घरांची त्यात सोय होती. नदी शांत होती तोवर कुणी विचारले नाही की तू कुणाचा.

ती अशांत केली सर बार्टल फ्रिअर याने. हे नाव आपल्याला परके नाही. १८६२ ते १८६७ हा मुंबईचा गव्हर्नर. त्याआधी १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य इंग्रजांच्या घशात गेले तेव्हा तो साताऱ्यात रेसिडेंट होता, आणि दत्तक वारस मान्य करावा असे त्याने वर कळवले होते. साताऱ्याच्या गादीसाठी शब्द खर्च करणारा हाच साहेब १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा हायकमिशनर होऊन गेला, आणि तिथे त्याला झुलूंची गादी मोडायची होती. त्या भागातील सर्व वसाहती एका छत्राखाली आणायच्या, तर शेजारी स्वतंत्र झुलू राज्य चालत नव्हते.

निमित्त शोधताना एक सीमा आयोग मधे आला. झुलू आणि ट्रान्सवालचे बोअर यांच्यात जमिनीच्या एका पट्ट्यावरून जुना वाद होता. १८७८ मध्ये नाताळ सरकारने आयोग नेमला. आयोगाने साक्षी घेतल्या, कागद तपासले आणि अहवाल बहुतांशी झुलूंच्या बाजूने दिला! फ्रिअरची पंचाईत झाली. त्याने अहवाल महिनोन्महिने दाबून ठेवला. आयोग, साक्षी, अहवाल, वाट पाहणे हे शब्द वाचताना आपल्याकडच्या वाचकाच्या मनात काय काय येईल, ते मी सांगायला नको.

शेवटी ११ डिसेंबर १८७८ रोजी तुगेलेच्या नाताळकडच्या काठावर, एका उंबराच्या जातीच्या झाडाखाली, झुलू राजाचे वकील बोलावले गेले. आधी सीमेचा निवाडा वाचून दाखवला. मंडळींना बरे वाटले. मग जेवण झाले. दुपारी दुसरा कागद निघाला. त्यात अटी होत्या : सरहद्द ओलांडून गुन्हा केलेल्या अमुक माणसांना हवाली करा, गुरांचा दंड भरा, आणि तीस दिवसांत तुमची सैन्यव्यवस्था मोडून टाका. झुलू राज्यात तरुणांची वयानुसार पथके असत; राजाची परवानगी मिळेपर्यंत त्यांना लग्नही करता येत नसे. शेती, लग्न, युद्ध, सारे राज्य त्या पथकांवर उभे होते. ती मोडा म्हणणे म्हणजे घराला सांगणे, की आढे काढून द्या, भिंती तुमच्याच आहेत. सकाळच्या कागदाने दिलेले दुपारच्या कागदाने काढून घेतले.

डन तिथे हजर होता. त्या माणसांत दोन्ही भाषा अशा आतून जाणणारे फार थोडे होते. निवाड्याचा अर्थ त्याला कळला, अटींचाही कळला. या अटी पाळण्यासाठी नाहीत, मोडण्यासाठी आहेत, हेही कळले असणार. राजाच्या वतीने त्याने मुदत वाढवून मागितली. दंड भरतो, माणसे देतो, पण थोडा वेळ द्या, असा निरोप त्याच्यामार्फत गेला. मुदत मिळाली नाही.

आणि मग डनला तो प्रश्न विचारला गेला. त्याला तटस्थ राहायचे होते. राजानेही त्याला बाजूला हो म्हटले होते. गोऱ्या माणसाने गोऱ्यांविरुद्ध लढावे असा आग्रह त्याने धरला नाही. पण सेनापती लॉर्ड चेम्सफर्डने बजावले, की एक बाजू घ्यावी लागेल. डिसेंबरच्या अखेरीस डन सुमारे २००० माणसे आणि ३००० गुरे घेऊन तुगेला ओलांडून नाताळात आला. ११ जानेवारी १८७९ रोजी इंग्रज फौज उलट दिशेने नदी ओलांडून झुलू राज्यात शिरली.

२२ जानेवारीला इसांडलवाना इथे झुलूंनी इंग्रजांचा असा पराभव केला की विलायत हादरली. इंग्रजांच्या बाजूची १३०० हून अधिक माणसे एका दिवसात पडली. यानंतर डनचे तटस्थपण उरले नाही. एशोवे इथे वेढ्यात अडकलेल्या इंग्रज तुकडीला सोडवायला चेम्सफर्ड निघाला, तेव्हा डन वाटाड्या म्हणून पुढे होता. त्याने नदी पोहून पलीकडे झुलूंचा तळ हेरला. २ एप्रिलला गिंगिंडलोवू इथे लढाई झाली, आणि तीत डनने बंदूक चालवली. तो पट्टीचा शिकारी होता. समोरून येणाऱ्यांत त्याच्या शेजारगावची माणसे होती. त्यांच्या हातांतल्या बंदुका ज्या व्यवहारातून आल्या, तोही त्याचाच. दोन्ही घरांच्या अन्नाची चव एकाच दिवशी तोंडात यावी, असा तो दिवस.

जुलैत उलुंडीला झुलू सत्ता मोडली. ऑगस्टमध्ये राजा पकडला जाऊन केपटाउनला कैदेत गेला. नवा सेनापती गार्नेट वूल्स्ली याने राज्याचे तेरा तुकडे केले आणि तेरा नायक नेमले. सर्वांत मोठा तुकडा, तुगेलेच्या काठाकाठाचा, मिळाला जॉन डनला. उपाशी पाहुण्याची म्हण इथे पार उताणी पडली.

*

त्याच नदीच्या आसपास दोन्ही भाषा जाणणारे आणखी दोन गोरे होते. शेपस्टनचे नाव वर आलेच आहे. मिशनऱ्याचा मुलगा, लहानपणी आफ्रिकेत आला, तिथल्या भाषा मातृभाषेसारख्या बोलणारा; अनेक वर्षे नाताळच्या देशी खात्याचा प्रमुख. भाषा त्याने राज्य चालवण्यासाठी वापरली. सीमेच्या वादात आरंभी तो झुलूंच्या बाजूने बोले; १८७७ मध्ये त्याने स्वतःच ट्रान्सवाल इंग्रजी राज्याला जोडले आणि तोच बोअरांच्या बाजूने बोलू लागला. बोली तीच राहिली. बाजू तेवढी बदलली.

दुसरा बिशप जॉन विल्यम कोलेन्सो. हा मुळात गणिताचा मास्तर. विलायतेतल्या शाळांत त्याची अंकगणिताची पुस्तके चालत. १८५५ मध्ये नाताळात आला, झुलू शिकला, १८६१ मध्ये झुलू-इंग्रजी शब्दकोश छापला. बायबलचे भाषांतर करताना त्याचा झुलू मदतनीस विल्यम न्गिदी याने जलप्रलयाच्या कथेविषयी विचारले, की हे सारे खरेच असे घडले का? बिशपसाहेबांनी त्या प्रश्नाला टाळले नाही. गणिती माणूस, हिशेब मांडून बसला, आणि मोझेसच्या ग्रंथांविषयी त्याने जे लिहिले त्यापायी पाखंडी ठरला. पुढे १८७३ मध्ये लांगालिबालेले नावाच्या नायकावर सरकारने अन्याय केला तेव्हा तो त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि शेपस्टनची जुनी मैत्री तुटली. १८७९ च्या मार्चमध्ये, इसांडलवानाच्या शोकात सारी वसाहत बुडालेली असताना, त्याने चर्चमध्ये उभे राहून सांगितले की हे युद्ध अन्यायाचे आहे. गोऱ्या समाजाने त्याला वाळीत टाकल्यासारखे केले. १८८३ मध्ये तो वारला. झुलू त्याला 'सोबांटू' म्हणत, म्हणजे लोकांचा बाप.

तिघांनाही तीच भाषा येत होती. तेव्हा दुभाषीपण हे ना पाप ना पुण्य. ते एक नाणे आहे, आणि नाण्याने काय विकत घेतले ते पाहायचे. शेपस्टनने सत्ता घेतली, डनने जमीन घेतली. कोलेन्सोने त्या नाण्यावर जवळचे सारे गमावले.

डनला मी सरळ गद्दार म्हणून मोकळा होत नाही. पोटच्या शंभर मुलांचा तो बाप होता. आपल्या आश्रयाची दोन हजार माणसे युद्धातून सुखरूप बाहेर काढायची हे साधे ओझे नव्हते. बाजू घे म्हणून त्याला दरडावले गेले हेही खरे. पण तुकडा मिळाल्यावर कुणी दरडावत नव्हते. केचवायो कैदेतून राणीला विनवीत होता, १८८२ मध्ये लंडनला जाऊन तिला भेटलाही; त्या काळात त्याने परत येऊ नये म्हणून धडपडणाऱ्यांत डन होता. ज्याने जमीन दिली त्याच्या परतण्याने ती जाईल, ही भीती. १८८३ च्या जानेवारीत राजा परतला, ते अर्ध्यामुर्ध्या राज्यावर; डनचा तुकडा इंग्रजांच्या राखीव मुलखात गेला आणि डन तिथला दुय्यम नायक होऊन उरला. घरच्या भांडणांत मार खाऊन केचवायो पळाला आणि १८८४ च्या फेब्रुवारीत एशोवेला मेला. डनला त्याने कधी क्षमा केली नाही. १८८६ मध्ये डनच्या आठवणींचे पुस्तक निघाले, त्याच्या नावात पहिला शब्द राजाचे नाव हाच आहे. सोडलेले घर असे मनातून सुटत नाही.

१८८७ मध्ये सारा झुलू मुलूख इंग्रजी राज्याला जोडला गेला. ५ ऑगस्ट १८९५ रोजी डन वारला. गांधीजी तेव्हा नाताळातच होते, दोन वर्षांपूर्वी आलेले.

आणि आता हिशेबाची गोष्ट. डनच्या पश्चात मुलांपुढे तोच प्रश्न आला, पण बापासारखी निवड त्यांच्या हाती नव्हती. बाप दोन्ही घरी मानाचा पाहुणा होता. मुले दोन्ही घरी नको असलेली. झुलू म्हणावे तर बाप गोरा, गोरे म्हणावे तर आई झुलू. बापाच्या नावाची जमीन त्यांच्या नावावर व्हायला १९३५ उजाडले. त्यासाठी 'जॉन डन' हे नाव घालून वेगळा कायदा करावा लागला, आणि मांगेते व एमोयेनी इथली जमीन वारसांत वाटली गेली. १९५० मध्ये वर्णभेदी सरकारने प्रत्येक माणसाच्या वंशाची नोंदणी करणारा कायदा आणला. डनच्या वंशजांच्या माथी 'कलर्ड' हा शिक्का बसला. जमीन त्यांच्याकडे राहिली, आणि त्या शिक्क्यामुळेच शेजारच्या माकांबिनी जमातीच्या झुलूंशी वाकडे आले. ही जमीन मुळात आमची, असे ते म्हणत. १९९० नंतर हा वाद चिघळत कोर्टकचेरीपर्यंत गेला. पणजोबाला राजाने प्रेमाने दिलेली जमीन. राजाची प्रजा आणि पणजोबाची प्रजा, दोघेही एकाच रक्ताचे. आणि मधे कुंपण. जेवला एक आणि भांडी घासताहेत चार पिढ्या, असे हे झाले.

कोलेन्सोच्या बाजूला काय उरले, तेही पाहू. त्याच्या मिशनच्या जागेचे नाव एकुखान्येनी, म्हणजे उजेडाचे ठिकाण. तिथल्या छापखान्यात मागेमा फुझे नावाचा झुलू मुलगा खिळे जुळवायला शिकला. त्याच मागेमाने म्हातारपणी, १९२२ मध्ये, आपल्या लोकांचा इतिहास झुलू भाषेत लिहून प्रसिद्ध केला. झुलू माणसाने झुलूत लिहिलेले असे मोठे पुस्तक तोवर झाले नव्हते. बिशपला जाऊन तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण या दोन वारशांची तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. एकाने मुलांना जमीन ठेवली आणि तिच्याबरोबर भांडण ठेवले. दुसऱ्याच्या विद्यार्थ्याने बिशपची इंग्रजी पुढे नेली नाही. त्याने स्वतःची भाषा लिहिती केली.

आपल्याकडे देहलीदीप न्याय सांगतात. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरात उजेड देतो आणि अंगणातही देतो. सीमाभागातल्या घरांनी स्वतःविषयी विचार करताना उपाशी पाहुण्याची म्हण जरा बाजूला ठेवावी आणि हा न्याय आठवावा, असे मला वाटते. मात्र उंबऱ्यावरच्या दिव्याला एक पथ्य असते : त्याला दोन्हीकडचे दिसते, तेव्हा दोन्हीकडचे दाखवावे लागते. जे सोयीचे तेवढेच दाखवले, की तो दिवा राहत नाही, दलाल होतो. डनची चूक मला दोन भाषांत दिसत नाही, दोन घरांतही दिसत नाही. दोन्हीकडचे सत्य ज्याला कळत होते, त्याने तेच सत्य ज्या घरी ते नको होते तिथे कधी मोठ्याने वाचून दाखवले नाही. कोलेन्सोने दाखवले, एवढाच फरक.

आमच्या शाळेतून दरवर्षी साठ-सत्तर मुले बाहेर पडतात. घरी मराठी, बाजारात कन्नड, नोकरीसाठी इंग्रजी. प्रत्येकाच्या खिशात तीन-तीन किल्ल्या. त्यांतला कुणी उद्या कचेरीत बसेल, कुणी वकील होईल, कुणी बँकेत असेल, आणि कुणीतरी शेतकरी दादा त्याच्यासमोर कागद धरून उभा राहील. निरोपाच्या समारंभात मी त्यांना अलीकडे मोठे भाषण करत नाही. एवढेच सांगतो, की बाबांनो, दुसऱ्याचा कागद वाचून दाखवायची पाळी आली तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि एखादी ओळ तुमच्याच विरुद्ध जाणारी असेल, तर ती जरा मोठ्याने वाचा.